जालन्याच्या क्लिपमधला आवाज

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय बिल्किस,

फोन करत नाही, कारण फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि शेवटी कुणालाच काही कळत नाही. शिवाय मला मदत मागायची आहे, आणि मदत मागताना माझा आवाज कसा होतो हे तुला शाळेपासून माहीत आहे. म्हणून ईमेल.

व्हिडिओ एडिटिंगचं हे सॉफ्टवेअर ज्या कुणी बनवलं, त्याला एकदा समोर उभं करून मला चार शब्द सुनावायचे आहेत. पण आधी कारण सांगते.

माझ्या भावाच्या मुलीचा, श्रेयाचा, साखरपुडा सात डिसेंबरला आहे. बीड बायपासला लॉन घेतलंय. हल्ली साखरपुड्यात अंगठीपेक्षा पडदा मोठा असतो. त्यावर मुलामुलीचे लहानपणापासूनचे फोटो आणि घरच्यांचे आशीर्वाद दाखवतात. भावानं, सोमनाथनं, त्यासाठी एक फोटोग्राफर आणला होता. तो म्हणाला, "मॅडम, दोघांना दौलताबादला नेऊ. मुलगी तोफेवर हात ठेवून मागं वळून बघंल." मी विचारलं, "तोफेवर का?" मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि फिल्म मीच करणार म्हणून जाहीर केलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर ज्येष्ठ नागरिकांच्या कॉम्प्युटरच्या वर्गाला मी काही वेळ घालवायला गेले नव्हते. श्रेयानं तिचा जुना लॅपटॉप दिला, सॉफ्टवेअरही तिनंच घालून दिलं.

आणि फिल्म मी करण्यात औचित्य आहे, कारण हे लग्न मी जमवलंय. मुलगा इंद्रजीत, जालन्याचा. शेती आहे, बियाण्यांची एजन्सी आहे. त्याच्या आई मनकर्णाबाई फार शिकलेल्या नाहीत, पण माणुसकी विचारशील तर आपल्या कॉन्व्हेंटच्या निम्म्या बायकांना त्यांनी शिकवावी. इंद्रजीत मला रोज फोन करतो. "आत्या, आज बीपी किती?" रोज, बिल्किस! माझ्या सख्ख्या भावाला माझं वय आठवत नाही. मी घरात सगळ्यांना ऐकवलंय की याला संस्कार म्हणतात.

तर अडचण अशी. जालन्याहून एक क्लिप आली आहे. इंद्रजीत गच्चीवर उभा, मागं मोसंबीची बाग, शूटिंग त्याच्या आईनं मोबाइलवर केलेलं. छान आहे. पण शूटिंग चालू असताना दोघं मायलेक काहीतरी बोलतायत. पेरणीबिरणीचं असावं, मी लक्ष दिलं नाही. मी वरून सनईचं संगीत टाकलं, तर सनईच्या पोटातून तो आवाज येतोच. संगीत मोठं केलं तर तोही मोठा झाल्यासारखा वाटतो. तू तुझ्या चॅनलवर दर आठवड्याला बिर्याणी शिजवतेस, तिथं कुकरची शिट्टी कशी काढतेस?

उत्तर लवकर दे. टोमणे मागाहून पाठव.

तनुजा

* * *

टोलीचौकी, हैदराबाद
११ नोव्हेंबर

तनू,

टोमणे आधीच पाठवते, कारण इथं मला मराठीत टोमणे मारायला कुणी मिळत नाही. सून युसरा तेलुगू सीरियल बघते, मुलगा तन्वीर इंग्रजीत जांभया देतो. मी पन्नास वर्षं या शहरात राहून मराठी कुणाशी बोलते, तर तुझ्याशी आणि पुरणाच्या डाळीशी.

सनई टाकून आवाज जाईल असं तुला वाटलंच कसं? पाहुणे आले म्हणून घरातलं भांडण थांबत नाही, ते आत चालूच असतं. अगं, व्हिडिओबरोबर त्याचा स्वतःचा आवाज चिकटून येतो. तू वरून दुसरा टाकलास, पहिला तसाच राहिला. आता असं कर. खाली जी पट्टी दिसते तिच्यावर माउसचं उजवं बटण दाब. 'आवाज वेगळा करा' अशा अर्थाचं काहीतरी दिसेल. ते दाबलंस की चित्राची एक पट्टी आणि आवाजाची दुसरी होते. आवाजाची पट्टी निवड आणि उडव. पण आधी इयरफोन घालून नीट ऐक, कुठून कुठपर्यंत आहे ते बघ. लॅपटॉपच्या स्पीकरवर विश्वास ठेवू नकोस. माझ्या हलीमच्या व्हिडिओत जेठाणीचं अख्खं गाऱ्हाणं महिनाभर लोक ऐकत होते आणि मला वाटलं पंखा वाजतोय.

रोज बीपी विचारणारा जावई! माशाल्ला. माझा तन्वीर महिन्यातून एकदा "अम्मी, ठीक?" म्हणतो आणि उत्तराच्या आत गाडी काढतो. तुझ्या इंद्रजीतला थोडे दिवस इकडे पाठव.

मी सात तारखेला येते. शरारा धुवायला टाकलाय.

बिल्किस

* * *

१४ नोव्हेंबर

प्रिय बिल्किस,

इयरफोन घातला. ऐकलं. तू म्हणालीस तसं पट्टी वेगळी केली आणि उडवली. पडद्यावर इंद्रजीत नुसताच ओठ हलवत होता. समाधान वाटलं.

सकाळी देवाची पूजा उरकून लॅपटॉप उघडला तर आवाज परत जागेवर. पट्टी जिथं होती तिथं, जशी होती तशी. मी काल उडवली होती ते मला चांगलं आठवतंय, मी अजून तेवढी म्हातारी झालेली नाही. पुन्हा उडवली. आज सकाळी पुन्हा हजर.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदत केंद्राला लिहिलं. त्यांनी कळवलं की लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करावा. मी उत्तर दिलं की एकतीस वर्षं मी बँकेत होते, ग्राहकाला टाळायची ही युक्ती आम्हीही वापरत असू, पण निदान चेहरा गंभीर ठेवत असू. त्यावर त्यांनी मला पाचापैकी किती तारे द्याल म्हणून विचारलं.

एक सांग. आवाज असा काढता येतो का, की तो पुन्हा कुणालाच सापडणार नाही? म्हणजे ज्या मोबाइलवर तो भरला गेला तिथूनसुद्धा?

ते काय बोलतात हे विचारू नकोस. बियाण्यांच्या पिशव्यांचं आहे. रटाळ.

तनुजा

ता. क. इंद्रजीतचे फोन येतात. मी हल्ली कामात असते.

* * *

१५ नोव्हेंबर

तनू,

बियाण्यांच्या पिशव्या कुणाच्या मोबाइलमधून पुसायच्या म्हणजे काय? पिशव्यांत अफू आहे का?

नाही, त्यांच्या मोबाइलमधलं इथून पुसता येत नाही. देवानं ती सोय ठेवली असती तर माझ्या नणंदांचे निम्मे मोबाइल आतापर्यंत कोरे झाले असते.

पट्ट्या खाली सरकवून बघितल्यास का? टाइमलाइन पडद्याच्या खालीही असते, दिसत नाही इतकंच. कधीकधी आवाजाची दुसरी प्रत तिथं पडलेली असते, आपण वरची उडवतो आणि खालची गात बसते. प्रत्येक पट्टीच्या डाव्या टोकाला कर्ण्याचं चित्र असेल. एकेक बंद करत जा. कुठला बंद केल्यावर गप्प होतं ते कळेल.

तेही नाही जमलं तर सरळ सगळं प्रोजेक्ट मला पाठव. पाच मिनिटांचं काम आहे.

बिल्किस

* * *

१९ नोव्हेंबर

प्रिय बिल्किस,

पाठवणार नाही. कृपया पुन्हा विचारू नकोस.

खाली सरकवून बघितलं, दुसरी प्रत नव्हती. कर्णा बंद केला, सकाळी तो उघडा. मग मी रागानं अख्खी क्लिपच काढून टाकली, बागेसकट, मुलासकट. दुसऱ्या दिवशी मुलगा बागेपुढं उभा. आणि ऐक, या वेळी आवाज मोठा केलेला! ती आवाजाची रेघ असते ना, ती वर चढवलेली. सनई मात्र गायब. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही, सिस्टर आग्नेसनी त्याचा पक्का बंदोबस्त केला होता, पण हे यंत्र माझ्याशी वैर धरून आहे.

काल श्रेया आली होती. वाळूजला तिच्या औषधाच्या कंपनीतून सुटली की उस्मानपुऱ्याला घरी जाताना कधीतरी डोकावते. काल मुद्दाम वाट वाकडी करून आलेली दिसली. नळाला पाणी यायचा दिवस, मी पिंप भरत होते. ती दारातच उभी राहिली.

"आत्या, फिल्म झाली?"

"झालीच म्हण."

"नीट ऐकलीस?"

"पाहिली. फिल्म पाहतात."

"आणि?"

"आणि काय? छान झाली. जो काही खरखराट होता तो मी काढलाय. तू काळजी करू नकोस, तुझ्या कार्यक्रमात काही कमी पडणार नाही."

तिनं खांद्यावरची पर्स सारखी केली. मग म्हणाली, "बरं. तुला चालतंय म्हणजे झालं." आणि निघाली. मी चहा म्हणेपर्यंत जिना उतरली होती.

लग्न ठरलेल्या मुलींचं हे असंच. मनानं त्या आधीच सासरी असतात. तिला तो मुलगा फार आवडलाय, बिल्किस. त्याच्याशी बोलताना ती खिडकीपाशी जाऊन उभी राहते हे मी स्वतः बघितलंय. एवढ्यासाठीच मला तो आवाज निघायला हवा आहे. सात तारीख जवळ आली.

तनुजा

* * *

२० नोव्हेंबर

तनू,

आता माझं ऐक, मध्ये बोलू नकोस. पत्राचा हा एक फायदा.

तू प्रोजेक्ट पाठवत नाहीस याचा अर्थ मला कळला. तो आवाज जालन्याचा नाहीच. तुझा आहे. तू कुणालातरी झाडत होतीस, ते भरलं गेलं, आणि आता व्याह्यांसमोर लाज वाटते. त्यात नवीन काय? आपल्या वर्गात तुझा आवाज ऐकून छावणीतले घोडे कान टवकारायचे. मला ऐकव, मी हसेन आणि विसरेन.

आता कामाचं. सॉफ्टवेअर आवाज गिळू शकतं, फाटका करू शकतं, पुढंमागं सरकवू शकतं. पण काढलेला आवाज परत आणून, वर तो मोठा करून, सनई काढून टाकणं हे त्याचं काम नाही. यंत्र विसरतं, तनू. हट्ट माणूस करतो.

मागच्या रमजानात माझ्या शीरखुर्म्याच्या व्हिडिओत रोज रात्री एक इंग्रजी गाणं यायचं. मी काढायची, ते यायचं. मी जिन्नात समजून बसले. शेवटी कळलं की आमच्या युसरानं तेच खातं तिच्या कॉम्प्युटरवर उघडून ठेवलं होतं. हल्ली प्रोजेक्ट लॅपटॉपच्या पोटात नसतं, नेटवर त्या खात्यात असतं. एकीनं इथं बदललं की दुसरीकडे तिथं बदलतं. तिला माझी फिल्म रटाळ वाटली म्हणून ती बिचारी सुधारत होती!

तुझ्या लॅपटॉपवर वर उजव्या कोपऱ्यात एक लहान गोल असेल. त्यावर दाब. खातं कुणाच्या नावाचं आहे ते दिसेल, आणि ते कुठल्या कुठल्या मशीनवर उघडलंय तेही. बघ आणि सांग.

लॅपटॉप तुला कुणी दिला म्हणालीस?

बिल्किस

* * *

२२ नोव्हेंबर, सकाळ

बिल्किस,

गोल बघितला. खातं श्रेयाचं. दोन मशीनवर उघडलेलं. एक माझ्यापुढचं, दुसरं तिच्या ऑफिसचं. मी जे दुपारी काढत होते, ते ती ऑफिसातून परत लावत होती.

आवाज माझा नाही. तुझा विनोद वाया गेला. तो आवाज जालन्याचाच आहे, आणि आता लपवून काही उपयोग नाही म्हणून लिहिते. गच्चीवर मुलाला उभं करता करता मनकर्णाबाई म्हणतात,

"आत्याबाईला फोन लावला का आज?"

"लावला. वरचं एकशे साठ सांगितलं."

"लई हाय की. गोळ्या घेती का नाय?"

"इसरती म्हणं."

"मंग तू कशाला आठवण देतो?"

यावर दोघं हसतात. मग त्या विचारतात, "फ्लॅट पोरीच्याच नावानं करणार, पक्कं हाय ना?" तो म्हणतो, "व्हय. दुसरं हाय कोण तिला?" आणि त्या म्हणतात, "मंग झालं तर. आता छाती काढून नीट उभा ऱ्हा."

एवढंच. संस्कार.

तू म्हणशील, त्याच क्षणी लग्न का नाही मोडलंस? कारण जमवलं मी. पंधरा स्थळं मी नाकारली होती, एकाच्या काकांचे दात, दुसऱ्याच्या घराचा जिना, आणि मग ही माणसं शोधून आणली म्हणून दिवाळीत सगळ्या नातेवाइकांसमोर मिरवले. आणि पोरीला तो आवडलाय. मी मनाशी म्हटलं, चार शब्द आहेत, माझ्याबद्दल आहेत, तिच्याबद्दल नाहीत. मी गिळते. माझा फ्लॅट कुणाच्या नावानं करायचा ते माझ्या हातात आहे, आणि गोळ्या घ्यायच्या की नाही तेही.

पण श्रेया! तिनं हे ऐकलं होतं. माझ्याआधी ऐकलं होतं, क्लिप तिच्याकडेच आली होती. मला येऊन सांगण्याऐवजी ती आवाज मोठा करून ठेवते? कशासाठी, तर सात तारखेला तीनशे माणसांसमोर तो पडद्यावरून वाजावा आणि जगाला कळावं की तनुजाताईंनी काय हिरा शोधून आणला. मी तिला अंगाखांद्यावर खेळवली. माझी फजिती करायला तिला पडदा लागतो!

आज तिला बोलावून मी काय बोलणार आहे, ते मी पाठ करून ठेवलंय.

तनुजा

* * *

२२ नोव्हेंबर, दुपार

तनू,

पाठ केलेलं विसर. हे आधी वाच.

आधी हे की मी घोड्यांचं लिहिलं ते परत घेते. आणि त्या बाईंना मला एकदा जेवायला बोलवायचंय, मिरची कशी लागते ते दाखवायला.

आता तुझं. शाळेत तू गणितात पहिली यायचीस आणि माणसांत नापास व्हायचीस, अजून तेच चाललंय. तीनशे माणसांसमोर वाजवायचं असतं, तर तिनं गप्प राहून शेवटच्या दिवशी फिल्म बदलली असती. तिनं रोज लावला. तुझ्यासाठी लावला. ती तुला विचारत होती, वेडे. "आत्या, हे ऐकलंस का? आता मी काय करू?" आणि तू रोज आवाज बंद करून तिला उत्तर देत होतीस की मला ऐकू आलंय, आणि तरी तू लग्न कर.

मग ती स्वतः आली. "नीट ऐकलीस?" म्हणून विचारलं. तू म्हणालीस, खरखराट मी काढलाय. तिनं "तुला चालतंय म्हणजे झालं" म्हटलं ते सासरच्या ओढीनं म्हटलं असं तुला वाटलं?

तिला तुझ्याकडे बोलावू नकोस. तू तिच्याकडे जा. रिक्षा कर. आज.

बिल्किस

* * *

५ डिसेंबर

तनू,

तेरा दिवस झाले. फोन उचलत नाहीस. परवा सात तारीख. शरारा इस्त्री करून टांगलाय आणि बसचं तिकीट काढायचं की नाही हे मला माहीत नाही. निदान एक ओळ लिही, म्हणजे शिव्या द्यायच्या की दुवा ते ठरवते.

बिल्किस

* * *

६ डिसेंबर

प्रिय बिल्किस,

तिकीट काढू नकोस. शरारा दुसऱ्या कुणाच्या लग्नाला घाल.

तुझं पत्र वाचून मी त्याच संध्याकाळी उस्मानपुऱ्याला गेले. सोमनाथ आणि वहिनी पत्रिकांच्या नमुन्यांत बुडालेले होते. श्रेया गच्चीवर कपडे काढत होती. मी जिना चढून गेले, आणि पाठ केलेलं काहीच आठवेना. मी म्हटलं, "ते हसले ते मी ऐकलं."

तिनं हातातल्या चादरीची घडी पुरी केली. मग म्हणाली, "तू दर वेळी बंद करत होतीस, आत्या. मला वाटलं तुला चालतंय."

"मला वाटलं तुला तो आवडतो."

"आवडत होता. हसला नसता तर अजून आवडला असता."

"मग येऊन सांगायचंस ना मला!"

"तुला?" ती म्हणाली. "तुला आजपर्यंत कुणी काही सांगितलंय? तूच सगळ्यांना सांगतेस. म्हटलं, एकदा तरी ऐक."

मला उत्तर सुचलं नाही. ही घटना तू लिहून ठेवायला हरकत नाही.

मग आम्ही तिथंच टाकीच्या कठड्यावर बसून विचार केला. लग्न करायचं नाही, हे ठरायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो पुढच्याला. आपल्याकडे ठरलेलं लग्न मोडलं की पहिला प्रश्न मुलीचा. मुलीत काय निघालं? कंपनीतलं कुणी आहे का? दम्याचं कळलं का त्यांना? तिला दमा नाहीच, पण लोक जोडतील. श्रेया म्हणाली, क्लिप सगळ्यांना ऐकवू. मी नाही म्हटलं. ऐकवली की गाव हळहळेल, आणि मग प्रत्येक स्थळ येताना आधी फ्लॅटचं विचारेल. तिची ओळखच तीन खोल्यांचा फ्लॅट अशी होईल.

तेव्हा मी म्हटलं, मी मोडलं म्हणून सांगते.

"कारण?"

"मुलाचं इंग्रजी मला आवडलं नाही."

ती पहिल्यांदा हसली. "कोण विश्वास ठेवेल?"

बिल्किस, सगळ्यांनी ठेवला. एकानं, अगदी एकानंही, "असं कसं?" म्हणून विचारलं नाही. सोमनाथला सांगितलं की मुलगा 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणतो आणि हे मला जन्मभर ऐकवणार नाही. तो खुर्चीतून उठला, म्हणाला, "तरी मी म्हणतच होतो, ताई कुठंतरी माती खाणार." वहिनी रडल्या. चुलत बहिणींनी एकमेकींना फोन केले. सगळ्यांना हे इतकं पटलं, की कित्येक वर्षं सगळे याचीच वाट बघत होते की काय अशी मला शंका आली. इतक्या पटकन तर माझं कुठलं खरंही कुणाला पटलेलं नाही.

जालन्याला फोन मीच केला. मनकर्णाबाई म्हणाल्या, "आत्याबाई, आमचं काय चुकलं ते तर सांगा." मी म्हटलं, "तुम्ही पाठवलेली क्लिप पुन्हा एकदा लावा. संगीताशिवाय." मग त्यांनी फोन ठेवला. त्या बाहेर काही बोलणार नाहीत.

सोमनाथ माझ्याशी बोलत नाही. लॉनवाल्यासमोर त्याची मान खाली गेली, नातेवाइकांत नाचक्की झाली, आणि हे सगळं त्याच्या बहिणीच्या उच्चारांपायी. हे त्याला आयुष्यभर असंच माहीत असणार. मला वाईट वाटतं, पण फार नाही. त्याला माझं वय अजूनही आठवत नाही.

तनुजा

* * *

८ डिसेंबर

तनू,

शिव्याही दिल्या, दुवाही दिली, क्रम सांगत नाही.

मला एकच भीती वाटते. तुला गप्प राहायची सवय नाही. लोक तोंडावर बोलतील तेव्हा काय करशील? एक दिवस चिडून तूच क्लिप काढशील आणि सगळ्यांच्या तोंडावर मारशील. हे लक्षात ठेव की आता तुझी बाजू घेणारं कुणी तिथं नाही, आणि तू स्वतःही घ्यायची नाहीस.

बिल्किस

* * *

१५ डिसेंबर

प्रिय बिल्किस,

मी गप्प राहिले. साक्षीदार आहेत. पण तू सांगितलेला धोका भलत्याच बाजूनं आला.

काल चुलत बहिणीच्या, प्रेरणाच्या, नातवाचं बारसं होतं, शहानूरवाडीला. मला बोलावणं होतं ते रीत म्हणून. मी गेले तेही रीत म्हणून. पाळणा झाला, नाव ठेवलं, बायका जेवणासाठी हॉलमध्ये जमल्या. मी एका टेबलाशी बसले, तर त्या टेबलाला कुणी येईना. वहिनी दूर बसल्या. प्रेरणानं वाढता वाढता, मला ऐकू जाईल अशा बेतानं, शेजारणीला सांगितलं, "सोन्यासारखं स्थळ हो. मोसंबीची बाग. पण घरात एक विंग्रजी आत्या असली की पोरी अशाच घरात राहायच्या. स्वतःचं तर झालं नाही, दुसरीचंही होऊ देत नाही."

मी पोळीचा तुकडा मोडला. माझ्याकडे याला निदान सहा उत्तरं होती, त्यातली दोन इंग्रजीत. एकही काढलं नाही.

तेवढ्यात पलीकडच्या बाजूनं श्रेया उठली. पाण्याचा जग हातात होता, तो तिनं खाली ठेवला. ही मुलगी कधी चारचौघांत मोठ्यानं बोललेली मला आठवत नाही. ती म्हणाली, "प्रेरणाआत्या, लग्न तनुजाआत्यानं नाही मोडलं. मी मोडलं. मला तो मुलगा नको होता. त्याचं इंग्रजी चांगलं आहे."

वाढणारे हात थांबले. पाळण्याची दोरीसुद्धा. मी तिच्याकडे डोळे वटारून बघत होते, अगं, बस खाली, एवढी मेहनत करून रचलेलं सगळं मातीत घालतेस! तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. तिनं पुन्हा सांगितलं, आणखी स्पष्ट. "मी. नाही. म्हटलं."

आता मुलीत काय निघालं याची चौकशी सुरू होणार, असं मी धरून चालले.

प्रेरणानं तिच्याकडे दयेनं बघितलं. मग शेजारणीकडे वळून म्हणाली, "बघितलं? पोरीला कसं पढवून ठेवलंय ते." सगळ्या बायकांनी माना हलवल्या. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. कुणीतरी "गरीब बिचारी" म्हटलं, आणि जिलबीचं ताट पुढं सरकलं.

एकीलाही खरं वाटलं नाही, बिल्किस. खरं बोलून पोरगी वाचली आणि माझं खोटं जसंच्या तसं राहिलं.

श्रेयानं स्वतःचं ताट उचललं. सगळा हॉल ओलांडून आली. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, त्यातली एक ओढून बसली आणि माझ्या ताटातलं लोणचं न विचारता घेतलं.

तनुजा